अभ्यासिकेचं वायफाय, नावांचा शोध आणि लॉगिनची पाटी: माझे अडीच महिने

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं वाचनालय आहे, शासनमान्य, ‘ब’ वर्ग, मी तिथे ग्रंथपाल. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, ४२ खुर्च्या, एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं सकाळी सहाला येऊन बसतात ती रात्री दहापर्यंत. २०२४ च्या उन्हाळ्यात रोज कुणीतरी खाली यायचं आणि म्हणायचं, मॅडम वायफाय जोडलंय दाखवतंय पण पान उघडत नाही. फॉर्मची शेवटची तारीख असली की मुलांचे चेहरे बघवत नसत, एक मुलगी तर फॉर्म भरायला भर उन्हात स्टँडजवळच्या नेट कॅफेत गेली आणि परत येईपर्यंत तिचा दीड तास गेला. ते पाहून मी हे काम अंगावर घेतलं. माझं शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं हे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. आता सगळं मार्गी लागलंय म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय, दुसऱ्या कुठल्या वाचनालयात किंवा शाळेत कुणी असंच एकटं बसलं असेल तर त्याला धीर येईल.

मे अखेरीस आमचा एक जुना वाचक, पुण्यात कंपनीत असतो, सुट्टीला आला होता. म्हणाला ताई आमच्या ऑफिसने जुने ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, बदलले, दोन मी मागून आणतो. सिस्कोचे एरोनेट ११४० मालिकेतले, छताला लावायचे पांढरे चौकोनी डबे. इथे पहिली गोष्ट सांगून ठेवते, असे जुने डबे कुणी देत असेल किंवा विकत असेल तर आधी विचारा की हा स्वतंत्र चालणारा आहे की कंट्रोलरवर, म्हणजे अनेक डबे एकत्र चालवणाऱ्या वेगळ्या यंत्रावर, चालणारा. आतल्या सॉफ्टवेअरच्या नावात के९डब्ल्यू७ असेल तर तो एकटा चालतो, के९डब्ल्यू८ असेल तर त्याला वेगळा कंट्रोलर लागतो आणि तुमच्याकडे तो नसणार. आमच्या या पुण्याच्या मुलाने बघूनच आणले होते म्हणून आम्ही वाचलो.

वस्तू फुकट आली तरी कागद फुकट होत नाहीत. देणगी म्हणून डेडस्टॉक रजिस्टरला घ्यायची तर देणाऱ्याचं पत्र हवं, कंपनीच्या पत्रावर, अनुक्रमांकासह. ते यायला १२ दिवस लागले. ९ जूनला, रविवारी, कार्यकारिणीची बैठक झाली, तिथे ठराव मांडला की जोडणीच्या सामानासाठी ५,००० रुपयांपर्यंत खर्च देणगी निधीतून करावा. अध्यक्ष आप्पांनी विचारलं, अहो पण हे बसवणार कोण, मी म्हटलं मी शिकते. थोडी शांतता झाली आणि मग वकीलकाका म्हणाले लिहा ठरावात, ग्रंथपालांनी बसवावे. ठरावात नाव आलं तसं माझ्या पोटात गोळा आला होता हे खरंय.

सामानाचं सांगते कारण इथेच लोकांचे पैसे जातात. हे डबे नेटवर्कच्या वायरमधूनच वीज घेतात, त्याला पीओई इंजेक्टर लागतो आणि तो ४८ व्होल्टचा, ८०२.३एएफ लिहिलेलाच हवा. मला दुकानातून पहिला आला तो २४ व्होल्टचा, डब्यावरचा दिवासुद्धा लागला नाही, बदलून मिळायला आठ दिवस गेले. दोन इंजेक्टर २,३००, कन्सोल केबल ६८०, ४० मीटर कॅट-६ वायर ७२०, टोकाचे कनेक्टर ६०, वायरमनचे ५००. एकूण ४,२६०. कन्सोल केबल म्हणजे डबा थेट लॅपटॉपला जोडून त्याला आज्ञा द्यायची फिकट निळी चपटी वायर, एका टोकाला नेटवर्कसारखी पिन, पूर्वी दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा जोड यायचा पण आता लॅपटॉपला तो जोडच नसतो, म्हणून थेट यूएसबी असलेलीच मागवा.

३० जूनला रविवारी दुपारी अभ्यासिका कमी भरलेली असते तेव्हा मी कार्यालयात दार लावून बसले. पुट्टी नावाचा फुकटचा प्रोग्रॅम, त्यात सीरियल निवडायचं, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. पडदा काळाच राहिला. दहा मिनिटं मी वायर काढतेय लावतेय, शेवटी फोन केला तेव्हा तो पुण्याचा मुलगा म्हणाला, ताई एकदा एंटर दाबा. दाबलं आणि ‘एपी’ अशी दोन अक्षरं आणि पुढे एक बाणासारखं चिन्ह आलं. त्याने डबे आधीच मूळ स्थितीला आणून दिले होते (वीज काढून मोडचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून वीज द्यायची, दिवा पिवळसर झाला की सोडायचं), त्यामुळे पासवर्ड कारखान्याचाच होता, सिस्को, पहिलं अक्षर मोठं. तो मी त्याच दिवशी बदलला, तुम्हीही पहिलं काम तेच करा.

इथून पुढे ज्या आज्ञा येतील त्या मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.

पहिल्याच दिवशी मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त घाबरवलं ती अशी. ‘शो व्हर्जन’ लिहायचं होतं आणि घाईत ‘शो’ची अक्षरं उलटसुलट पडली, एकच चुकीचा शब्द लिहून एंटर दाबलं. पडद्यावर ओळ आली, ट्रान्सलेटिंग, पुढे माझा चुकलेला शब्द अवतरणात, आणि मग डोमेन सर्व्हर, कंसात २५५.२५५.२५५.२५५. आणि सगळं थांबलं. कुठलंही बटण दाबलं तरी काही नाही. मला वाटलं देणगीची वस्तू पहिल्याच दिवशी बिघडवली. अर्धा मिनिट तरी गेला असेल, घड्याळाकडे बघत बसले होते, मग ओळ आली की अशी आज्ञा किंवा असा कॉम्प्युटर सापडत नाही, आणि परत तो बाण.

हे का होतं ते मला दोन दिवसांनी वाचून कळलं. आज्ञा ओळखता आली नाही की डबा समजतो की हे कुठल्यातरी दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव आहे आणि तुम्हाला तिकडे जायचंय, म्हणून तो त्या नावाचा नंबर शोधायला निघतो. कुणाला विचारायचं हे सांगितलेलं नसतं, नेम सर्व्हरची (नावावरून नंबर सांगणाऱ्या कॉम्प्युटरची) जागा रिकामी असते पण शोधणं मात्र चालूच असतं, मग तो नेटवर्कवर सगळ्यांना ओरडून विचारतो, तेच ते २५५ चार वेळा. कुणी उत्तर देत नाही, तो वाट बघतो. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबलं की वाट बघणं थांबतं. एवढं जरी आधी माहीत असतं तरी माझी ती रात्र शांत गेली असती.

आणि खरं सांगायचं तर या गोष्टीनेच मला डीएनएस समजलं. वाचक काउंटरला येऊन पुस्तकाचं नाव सांगतो, कपाटातून काढायला मात्र मला दाखल क्रमांक लागतो, मधे तालिका असते जी नावावरून क्रमांक देते. इंटरनेटवर हे काम डीएनएस करतं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी त्याची रचना मांडली, त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि नंबर एकाच फाइलीत ठेवलेले असत आणि ती फाइल सगळ्यांनी उतरवून घ्यायची. म्हणजे एकच दाखल नोंदवही आणि सगळ्या गावांनी तिची नक्कल करायची, ते किती दिवस पुरणार. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याच धंद्यातलं काम आहे, येईल आपल्याला.

७ जुलैला परत बसले. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ लिहून आत गेले, ‘आयपी नेम-सर्व्हर ८.८.८.८’ आणि पुन्हा ‘आयपी नेम-सर्व्हर १.१.१.१’ दिलं. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, दोन्ही सगळ्यांना खुले आहेत, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणचे ठेवले की एक बंद पडला तरी दुसरा असतो, असे सहापर्यंत देता येतात. बाहेर येऊन एका संकेतस्थळाचं नाव घेऊन ‘पिंग’ केलं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघितलं. पुन्हा तीच वाट, पुन्हा नाव सापडत नाही. मग नाव सोडून थेट ‘पिंग ८.८.८.८’ केलं तर पाच टिंबं आली, एक टिंब म्हणजे एक हाक वाया. वर तर मुलं मजेत व्हिडिओ बघत होती त्याच डब्यावरून (ज्यात नेम सर्व्हरचा नंबर मी हाताने घातला होता तो माझा फोन त्यांना देऊन बघितला होता, त्यावर सगळं चालत होतं). मुलांना नेट आहे आणि डब्याला नाही, हे कसं, यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

उत्तर साधं होतं. ॲक्सेस पॉइंट हा मुलांच्या फोनसाठी नुसता पूल असतो, फोनची गाडी त्याच्यावरून पुढे राउटरकडे जाते, पुलाला स्वतःला कुठे जायचं नसतं. पण त्याला स्वतःला बाहेर काही विचारायचं असेल तर त्याला बाहेरचं दार कुठे आहे ते वेगळं सांगावं लागतं. मी डब्याला नंबर दिला होता, बीव्हीआय १ या ठिकाणी (डब्याचा स्वतःचा नंबर तिथे लिहितात), १९२.१६८.१.१०, पण दार सांगितलंच नव्हतं. ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे १९२.१६८.१.१’ ही एक ओळ लिहिली, परत पिंग केलं आणि एक टिंब, चार उद्गारचिन्हं आली. ८० टक्के यशस्वी. आधी वाटलं काहीतरी बिघाड राहिलाय, पण पहिली हाक बहुतेक वेळा शेजारचा पत्ता शोधण्यात जाते, दुसऱ्यांदा केलं तर पाचही उद्गारचिन्हं. मग नावाने केलं, तेही लागलं. मी उठून शिपाई मामांना चहा सांगितला.

म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी राउटरला पिंग, मग बाहेरच्या नंबरला पिंग, मग नावाला पिंग. ज्या पायरीवर अडेल तिथेच बघायचं, सगळीकडे हात घालायचा नाही.

आता माझा सगळ्यात मोठा गैरसमज. मला वाटत होतं की डब्यात नेम सर्व्हर घातला की मुलांची तक्रार मिटेल. दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला, मॅडम पान उघडत नाही. मी हबकलेच. पण डब्यात जो नेम सर्व्हर घालतो तो फक्त डब्यासाठी असतो, मुलांच्या फोनला कुठल्या सर्व्हरला विचारायचं हे सांगतं डीएचसीपी, म्हणजे फोन जोडला की त्याला नंबर वाटणारी व्यवस्था, आणि ती आमच्याकडे राउटरमध्ये होती. राउटरचं पान उघडून बघितलं तर डीएचसीपीच्या खाली डीएनएसच्या रकान्यात पूर्वी बसवणाऱ्याने हाताने घातलेला एक नंबर होता आणि तो उत्तरच देत नव्हता. उन्हाळाभर मुलांचे फोन त्या मुक्या नंबरला विचारत होते. तो काढून चालू असलेले दोन घातले. तरी लगेच फरक पडला नाही कारण फोनने घेतलेली माहिती २४ तासांच्या कराराची असते, राउटरमध्ये १४४० मिनिटं लिहिलेलं होतं, म्हणून मुलांना सांगितलं वायफाय विसरा म्हणा आणि परत जोडा. अर्ध्या तासात वरून टाळ्या ऐकू आल्या. अडीच महिन्यांतला तो माझा सगळ्यात आनंदाचा क्षण.

तुमच्याकडेही हीच तक्रार असेल तर ओळखायची सोपी रीत सांगते. त्याच वायफायला लॅपटॉप जोडून कुठल्याही नावाला नाही तर नुसत्या १.१.१.१ ला पिंग करून बघा. उत्तर आलं आणि नावाची पानं उघडली नाहीत तर नेट आहे, फक्त नावं सापडत नाहीत. राउटरमध्ये डीएचसीपीचा डीएनएस बघा.

मग डब्याला स्वतःला नावं शोधता येण्याचा उपयोग काय, असं त्या पुण्याच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला घड्याळ. वीज गेली की याला वेळ आठवत नाही, चालू झाला की तो १ मार्चपासून मोजायला लागतो. खरंच माझ्या पडद्यावरच्या सगळ्या नोंदी १ मार्च, रात्री बाराच्या पुढच्या होत्या, जुलै चालू असताना. उद्या काही गडबड झाली तर कधी झाली ते कळणारच नाही. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा (एनपीएल) ठेवते आणि तिचा वेळ सांगणारा सर्व्हर आहे, टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. सीईआरटी-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला ज्या सूचना काढल्या त्यातही घड्याळं एनपीएल किंवा एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) वेळेला जुळवायला सांगितलंय. ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ ही एक ओळ आणि ‘एसएनटीपी सर्व्हर’ लिहून पुढे ते नाव. थोड्या वेळाने ‘शो क्लॉक’ केलं तर वेळेपुढचं तारा-चिन्ह, जे वेळ पक्की नाही असं सांगतं, ते गेलं होतं आणि भिंतीवरच्या घड्याळापेक्षा डब्याची वेळ बरोबर होती, भिंतीवरचं चार मिनिटं पुढे निघालं. तेही लावून घेतलं.

इथे एक धोका आहे. चुकीच्या शब्दावर वाट बघावी लागते म्हणून बऱ्याच ठिकाणी सल्ला असतो की ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ करून टाका. त्याने वाट बघणं थांबतं खरं पण डब्याला नावं शोधणंच बंद होतं, मग घड्याळाला नाव देता येत नाही. मला दोन्ही हवं होतं. उपाय असा की ‘लाइन कन्सोल ०’ आणि ‘लाइन व्हीटीवाय ० ४’ (पहिली वायरने येणाऱ्यासाठी, दुसरी नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी) या दोन्हींच्या आत जाऊन ‘ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन’ लिहायचं. म्हणजे न कळलेला शब्द आला तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव असेल असं धरू नकोस. नावं शोधणं चालू राहतं आणि टायपिंगची चूक झाली तर लगेच चूक म्हणून सांगतो. माझ्यासारख्या हळू टाइप करणाऱ्यांसाठी ही ओळ फार मोलाची आहे.

‘आयपी डोमेन-नेम’ ही ओळ मी आधी सोडून दिली होती, आमचं कुठे संकेतस्थळ आहे. पण दूरवरून सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच चालू करायला गेले तर किल्ली बनवायची आज्ञा नाकारली, म्हणे आधी डोमेनचं नाव सांगा, कारण किल्लीला डब्याचं पूर्ण नाव लागतं. या नावाचा दुसरा उपयोग असा की तुम्ही टिंब नसलेलं नुसतं नाव विचारलं तर तो आपोआप मागे हे जोडून शोधतो, जसं आमच्यात कुणी नुसतं ‘कपाट चार’ म्हटलं तर आपल्याच वाचनालयातलं कपाट समजतो. डॉट लोकल ठेवू नका, तो शेवट दुसऱ्या कामासाठी राखलेला आहे. मी होम डॉट अर्पा ठेवलं, ते घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलंय, लिहिताना सुरुवातीला टिंब द्यायचं नाही. डब्याचं नाव अभ्यासिका-एपी१. किल्ली २०४८ बिटांची केली, त्याला थोडा वेळ लागतो, थांबा.

आता पाटी. कार्यकारिणीत आधीच ठरलं होतं की वायफाय वापरणाऱ्याला नियम दिसले पाहिजेत, आणि सूचनांमध्ये मला ‘बॅनर’ हा शब्द दिसला तेव्हा वाटलं सापडलं. १७ जुलैला आषाढी, अभ्यासिका जवळजवळ रिकामी, उपवासाचं खाऊन दिवसभर बसले. सूचनेत लिहिलं होतं, बॅनर लॉगिन, पुढे सी, मग मजकूर, मग परत सी. मी ते जसंच्या तसं केलं, सी अक्षर टाकलं, एंटर, आणि आमच्या वाचनालयाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहायला घेतलं, खाली चार ओळींचे नियम. सगळं एकदम पेस्ट केलं तर पडद्यावर चुकांचा पाऊस, प्रत्येक ओळीखाली टोपीसारखं चिन्ह आणि ‘इनव्हॅलिड इनपुट’. बाहेर येऊन परत लॉगिन केलं तर पाटीवर एवढंच होतं, ‘सार्वजनिक वा’.

बराच वेळ बघत बसले आणि मग लक्षात आलं. ते सी म्हणजे नुसतं एक उदाहरणाचं अक्षर, मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगणारी खूण, ती कुठलीही चालते. आणि ‘वाचनालय’ इंग्रजीत लिहिलं की तिसरंच अक्षर सी येतं. तिथेच पाटी संपली आणि पुढचे सगळे नियम डब्याने आज्ञा म्हणून वाचले. नशीब त्यातली एकही ओळ खरी आज्ञा निघाली नाही. खूण म्हणून मजकुरात अजिबात येणार नाही असं चिन्ह घ्या, मी उभी रेघ घेतली.

मजकूर देवनागरीत असावा ही माझी फार इच्छा होती. पेस्ट करून बघितला, पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली, कारण हे यंत्र मुळात सात बिटांची अक्षरं धरून चालतं आणि आपली लिपी त्यात मावत नाही. शेवटी मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिली. वाईट वाटलं, पण मराठी सोडली नाही.

आणि संध्याकाळी फोनवर कळलं की ही पाटी मुलांना दिसतच नाही. ती फक्त डब्याच्या आत लॉगिन करणाऱ्याला दिसते, म्हणजे मला. वायफाय जोडणाऱ्याला नियम दाखवायचे तर वेगळं लॉगिन पान लागतं, ती निराळी व्यवस्था आहे. दिवस वाया गेला असं वाटून मी घरी आले. नियमांचा कागद दुसऱ्या दिवशी लॅमिनेट करून अभ्यासिकेच्या दाराला लावला, ३० रुपये, माझ्या पर्समधून.

पण रात्री विचार करताना वाटलं, मी काही इथे कायमची नाही. माझ्यानंतर जो कुणी या डब्यात शिरेल त्याला पहिल्यांदा काय दिसेल? तो काळा पडदा आणि दोन अक्षरं, जसं मला दिसलं. त्याच्यासाठी पाटी हवीच. २१ जुलैच्या बैठकीत मजकूर मांडला. आप्पा म्हणाले वर सुस्वागतम् घाला. वकीलकाकांनी लगेच अडवलं, परक्याला दारात या म्हणायचं आणि मग आत का आलास विचारायचं, असं होईल. प्रत्येक प्रवेशाची नोंद ठेवली जाते असंही मी लिहिलं होतं, काकांनी विचारलं ठेवता का, मी म्हटलं अजून नाही, मग ते काढायला लावलं, जे करत नाही ते लिहायचं नाही. राहिलं ते एवढंच:

हे यंत्र सार्वजनिक वाचनालयाच्या मालकीचे आहे. परवानगी असलेल्यांनीच पुढे जावे. विनापरवाना प्रवेश, माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ व ६६.

कुणाचा फोन नंबर नाही, यंत्राचं मॉडेल नाही, पासवर्डचा इशाराही नाही, कारण हे पासवर्ड टाकायच्या आधी कुणालाही दिसतं. आतल्या माणसासाठीचा निरोप वेगळा ठेवला. तो आधी मी ‘बॅनर एमओटीडी’मध्ये (आजचा निरोप दाखवायची पाटी) घातला होता, एसएसएचने गेले तर तो लॉगिननंतर दिसला म्हणून समाधान झालं, पण कन्सोलवर बघितलं तर पासवर्डच्या आधीच समोर. म्हणून तो काढून ‘बॅनर एक्झेक’मध्ये टाकला, तो सगळीकडे आत गेल्यावरच दिसतो. आणि मजकुरात डॉलरचं चिन्ह आणि कंसात होस्टनेम लिहिलं की तिथे त्या डब्याचं नाव आपोआप येतं, त्यामुळे दोन्ही डब्यांना एकच मजकूर चालला.

२५ जुलैला पावसाची झड लागली होती, दुपारी लाईट गेली, तासाभराने आली. लॉगिन केलं तर पाट्या नाहीत, ट्रान्सपोर्टची ओळ नाही, गेल्या चार दिवसांतलं काहीच नाही. त्या चार दिवसांत मी ‘राइट मेमरी’ केलंच नव्हतं. आज्ञा लगेच लागू होतात पण त्या चालू आठवणीत असतात, पक्क्या जागी लिहा असं सांगितल्याशिवाय वीज गेली की जातात. रडू आलं, खोटं कशाला सांगू. सुदैवाने वहीत प्रत्येक ओळ लिहून ठेवायची सवय होती, दीड तासात परत सगळं उभं केलं, प्रत्येक टप्प्यानंतर ‘राइट मेमरी’. मग ‘शो रनिंग-कॉन्फिग’चा पूर्ण मजकूर फाइलमध्ये घेतला, पासवर्डच्या ओळी काढल्या आणि प्रिंट काढून कपाटात ठेवली. दुसरा डबा त्या फाइलवरून ४० मिनिटांत झाला, फक्त नाव आणि नंबर बदलले, किल्ली त्याची त्याला वेगळी बनवली.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती. कार्यक्रम झाल्यावर अभ्यासिकेतल्या एका मुलीला, जी उन्हात नेट कॅफेत गेली होती तिलाच, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं तू कर लॉगिन, मी काही सांगणार नाही. तिने पहिली पाटी मोठ्याने वाचली, पासवर्ड टाकला, आणि मग आतला निरोप आला:

तुम्ही अभ्यासिका-एपी१ मध्ये आहात. अडलात तर कंट्रोल, शिफ्ट, ६. मुलांचा डीएनएस इथे नाही, राउटरमध्ये आहे. बदल केल्यावर राइट मेमरी करा. सगळ्याची प्रिंट कार्यालयात, कपाट ३, खण २, निळी फाइल.

ती उठली, कपाट तीनचा दुसरा खण उघडला आणि निळी फाइल काढून टेबलावर ठेवली.